बाइंडरताईंचा पुठ्ठ्या

बाइंडरताईंनी बांधलेलं पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं की ते उघडंच राहतं. पानं आपसूक मिटत नाहीत, पाठ करकरत नाही, आणि वाचणाऱ्याला एका हाताने पुस्तक दाबून धरून दुसऱ्या हाताने चहा प्यावा लागत नाही. हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडत नाही, ताई स्वतःच सांगतात. गिऱ्हाईक पुस्तक न्यायला आलं की त्या ते आधी त्याच्यासमोर उघडून ठेवतात, दोन पावलं मागे सरकतात आणि गप्प उभ्या राहतात. त्याने तारीफ केली तर "छे हो, त्यात काय एवढं" म्हणतात. नाही केली तर दुसरं पान उघडून दाखवतात.

चौतीस वर्षं हे काम चाललंय. गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर एक लांबट खोली, तिच्यामागे राहायच्या दोन खोल्या, आणि त्यांच्यामागे तीन पायऱ्या उतरून अंगण. अंगण म्हणजे एक नळ, कपडे वाळत घालायची तार, मागच्या बाजूला फळ्यांचं फाटक आणि भिंतीकडेची हातभर रुंदीची मातीची पट्टी. पुढच्या खोलीत खिडकीपाशी ताई बसतात. घड्या घालणं, शिवणं, पिठाची खळ लावणं, पुठ्ठा चढवणं त्यांच्याकडे. दारापाशी कटिंग मशीनसमोर त्यांचे थोरले भाऊ उभे असतात, त्यांना सगळे दादा म्हणतात. दादांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, ताईंनी लग्न केलं नाही, आणि दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नाही. हे दोघांपैकी एकालाही मान्य नाही. गल्लीच्या सवयीने सख्खा थोरला भाऊसुद्धा धाकट्या बहिणीला ताईच म्हणतो.

या खोलीत एकच कायदा आहे, कागदाला जमीन लागू द्यायची नाही. छापखान्यातून येतात ते फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानं एकत्र छापलेले मोठे ताव. त्यांना घड्या घालून, क्रमाने लावून, शिवून पुस्तक होतं. हे फर्मे लाकडी फळ्यांवर रचून ठेवतात. जागा अपुरी असल्यामुळे सगळ्यात खालची फळी जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर आहे. एखादा ताव घसरून खाली पडलाच, तर तो कुणाच्या निष्काळजीपणामुळे पडला यावर बहीणभावांत दोन दिवस वाद चालतो आणि तिसऱ्या दिवशी दोघंही वाऱ्याला दोष देतात.

गुरुवारी दुपारी ताई छापखान्यात जातात. तयार पुस्तकं टेम्पोत घालून न्यायची, नवे फर्मे स्वतः तपासून आणायचे, जाऊन येऊन तीन तास. अशाच एका गुरुवारी टेम्पोतून फर्मे उतरले आणि मागून ताई उतरल्या. त्यांच्या खांद्यावरची कापडी पिशवी हलत होती.

"फर्मे मोजून घेतलेस?" दादांनी मशीनवरूनच विचारलं.

"घेतले."

"मग पिशवीत काय आहे?"

"थोडं जास्तीचं. छापखान्यातून जास्तीचं येतंच की. खराब होतात म्हणून देतात."

पिशवीतून एक नाक बाहेर आलं. "हे खराब होणारं नाही," दादा म्हणाले. "हे करणारं आहे."

छापखान्याच्या रखवालदाराच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. चार गेली, हे राहिलं. रंग थेट पुठ्ठ्याचा, तोच पिवळट तपकिरी, आणि एक कान उभा तर दुसरा कुणीतरी खूण म्हणून दुमडून ठेवलेल्या पानासारखा. ताईंनी त्याला टेबलावर ठेवलं तेव्हा त्याने आधी कात्री हुंगली, मग दोऱ्याचं रीळ, मग ताईंचा अंगठा, आणि अंगठ्यावर हनुवटी टेकून झोपून गेलं. त्याचं नाव पुठ्ठ्या पडलं. ते कुणी ठेवलं हे सांगता येणार नाही, कारण दादा म्हणतात ताईंनी ठेवलं आणि ताई म्हणतात दादांनी.

"मला हवाय," ताई म्हणाल्या.

दादांनी मशीनचं चाक थांबवलं. चौतीस वर्षांत ताईंनी कशाहीबद्दल 'मला हवंय' म्हटलेलं त्यांना आठवेना. नवी खुर्चीसुद्धा 'गिऱ्हाइकासाठी लागेल' म्हणून आली होती. असं मागणाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणण्याइतके दादा कठोर नव्हते, आणि सरळ हो म्हणण्याइतके मऊही नव्हते.

"ठेव. पण एक सांगतो. ज्या दिवशी हा फर्म्यावर मुतेल, त्याच दिवशी परत छापखान्यात."

"मुतणार नाही."

"कुत्रं आहे ते."

"माझं कुत्रं आहे," ताई म्हणाल्या. पिल्लू घरात येऊन तेव्हा पाऊण तास झाला होता आणि त्यातला अर्धा तास ते झोपलेलं होतं.

या घरात शब्द दिला की दिला. दहा वर्षांपूर्वी दादा एकदा रागाच्या भरात 'आजपासून माझ्या चहात साखर नको' म्हणाले होते. ते आजतागायत फिका चहा पितात. तोंड वाकडं करून पितात, पण पितात. त्यामुळे त्या दिवशी फर्म्यांसमोर जे बोललं गेलं ते चेष्टेत गेलं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्या पुठ्ठ्याला घेऊन गल्लीपलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, लस टोचली, जंतांचं औषध दिलं आणि शिकवण्याचा नेहमीचा धडा दिला.

"ताई, सुरुवातीला एका कोपऱ्यात रद्दी पसरून ठेवा. तिच्यावर जायची सवय लागली की रद्दी रोज थोडी थोडी दाराकडे सरकवायची, मग बाहेर न्यायची."

"कागदावर?"

"रद्दी हो. जुनी वर्तमानपत्रं."

"डॉक्टरीणबाई, रद्दी कुठली आणि पाठ्यपुस्तक कुठलं, हे ह्याला वाचून कोण दाखवणार?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण मग विचारात पडल्या. बाइंडरच्या घरचं पिल्लू त्यांनाही पहिल्यांदाच भेटत होतं. "खरंय तुमचं. मग थेट मातीवर शिकवा. पण सोपं नाही. दर तासाला बाहेर न्यावं लागेल. शिवाय झोपून उठला की, जेवला की, खेळून झालं की. लहान आहे, त्याला फार वेळ धरवत नाही. आत चूक झाली तर ओरडायचं नाही, नाक घासायचं नाही. बाहेर बरोबर केलं की तिथल्या तिथे शाबासकी."

"तिथल्या तिथे म्हणजे नेमकी कधी?"

"संपता संपता. आधी दिलीत तर काम अर्धवट टाकून तुमच्याकडे धावेल. उशिरा दिलीत तर कशाची दिली ते त्याला कळणार नाही."

हे ताईंना एकदम पटलं. खळीचंही तसंच असतं. ओली असताना कापड चढवलं तर सरकतं, सुकल्यावर चढवलं तर धरत नाही. नेमक्या वेळेला हात लावता येणं हाच तर त्यांचा धंदा होता, आणि दवाखान्यातून परतताना हे पिल्लू आपल्याकडे आलं ते त्याचं नशीबच म्हणायचं, असं त्यांचं पक्कं मत झालं.

ताई घड्याळ घालत नाहीत. हातातल्या कामावरून त्यांना वेळ कळतो. आठ पुस्तकं शिवून झाली की तासभर झाला, हा त्यांचा हिशोब कधी चुकलेला नाही. म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचं वेळापत्रक पुस्तकांवर बसवलं. आठवं पुस्तक शिवायचं, दोरा कापायचा, कात्री पत्र्याच्या डब्यात टाकायची, पिल्लू उचलायचं, तीन पायऱ्या उतरायच्या आणि मातीच्या पट्टीवर त्याला सोडून शेजारी उभं राहायचं. तिथे त्याच्याशी बोलायचं नाही, खेळायचं नाही. पुठ्ठ्या आधी फुलपाखरामागे जाई, मग नळाशी भांडे, मग स्वतःची शेपूट सापडल्याचं आश्चर्य करत बसे. ताई उभ्याच. शेवटी त्याला मूळ काम आठवे, आणि ते संपता संपता ताई "शाब्बास!" म्हणत. असं म्हणत की शेजारची बाई गच्चीवरून वाकून बघे.

पहिले आठ-दहा दिवस काही विचारू नका. दाराच्या पायाशी झालं, मशीनखाली झालं, एकदा दादांच्या चपलेत झालं. दादा चप्पल बोटांत धरून ताईंसमोर उभे राहिले. "चपलेचं काही ठरलं नव्हतं," ताई म्हणाल्या आणि चप्पल धुवायला घेऊन गेल्या. ओरडा कुणालाच पडला नाही, पिल्लाला तर नाहीच. ताई त्याच्याकडे डोळ्यात तेल घालून बघायला शिकल्या. नाक जमिनीला लावून तो गोल फिरायला लागला की हातातली सुई तशीच सोडून उठायचं. एकदा एक प्राध्यापक आपल्या प्रबंधाविषयी मोठं वाक्य बोलत होते. त्या वाक्याच्या मधेच ताई पिल्लाला काखोटीला मारून निघून गेल्या. प्राध्यापकांनी राहिलेलं वाक्य दादांना ऐकवलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी गुपचूप केली. खळीला कीड लागू नये म्हणून बाइंडर लोक तिच्यात मोरचूद घालतात, आणि मोरचूद म्हणजे विष. पुठ्ठ्याला खळीचा वास फार आवडे. म्हणून ताईंनी मोरचुदाची बाटली उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवली आणि लागेल तेवढीच खळ रोज सकाळी ताजी शिजवायला सुरुवात केली. त्यासाठी अर्धा तास लवकर उठावं लागे. चौतीस वर्षांची पद्धत त्यांनी एका पिल्लासाठी बदलली, आणि विचारलं तर म्हणाल्या, "ताजी खळ जास्त चिकटते."

तिसऱ्या आठवड्यात गाडी रुळावर आली. कात्री डब्यात पडल्याचा आवाज झाला की पुठ्ठ्या आपणहून उठून मागच्या दाराशी जाऊन बसायला लागला. फरशी सलग सहा दिवस कोरडी राहिली. ताईंचे पाय जमिनीवर ठरेनात. गिऱ्हाइकांना आता आधी पुस्तक आणि मग कुत्रा, असे दोन नमुने दाखवले जाऊ लागले. डॉक्टरीणबाईंकडे दुसऱ्या लशीला गेल्या तेव्हा त्यांनी टेबलापाशी पोचायच्या आधीच सांगितलं, "कागद न दाखवता शिकवलाय हो. एक चिटोरासुद्धा नाही."

गुरुवारी त्या छापखान्यात जात तेव्हा पुठ्ठ्याला दादा सांभाळत. "दर तासाला अंगणात ने," ताई बजावत. "नेतो गं, मला काय कळत नाही?" दादा म्हणत. परत आल्यावर ताई फरशी बघत, फरशी कोरडी असे. "दादालाही मी चांगलं शिकवलं," असं त्या शेजारच्या बाईला म्हणाल्याचं दादांच्या कानावर आलं होतं, पण ते काही बोलले नाहीत.

मग शब्दकोशाचं काम आलं. पाचशे प्रती, आणि एकेक प्रत उशीएवढी जाड. पुढची खोली फर्म्यांनी भरून गेली, खालच्या फळीवर पांढराशुभ्र गठ्ठा उभा राहिला, आणि ताई हरखून शिवायला बसल्या. असं मानाचं काम रोज मिळत नाही. सोमवारचा दिवस होता, वारा सुटला होता, ताव उडतील म्हणून मागचं दार लावून घेतलं होतं. पुठ्ठ्या दाराशी जाऊन बसला. थोड्या वेळाने कुंई-कुंई केलं. ताईंनी मान वर केली नाही. "थांब रे, अजून तीन राहिलीत."

तो थांबला. मग आणखी थांबला. मग उठला, खालच्या फळीपाशी गेला, गठ्ठा हुंगला, त्याच्याभोवती एक गिरकी घेतली, पुढचे दोन पाय फळीवर चढवले, मागचे चढवले, आणि शब्दकोशाच्या वरच्या फर्म्यावर नीट बसून त्याने आपलं काम केलं. घाई नाही, भीती नाही. झाल्यावर उडी मारून खाली आला आणि शेपूट हलवत शाबासकीसाठी ताईंसमोर बसला.

ताई जागच्या जागी थिजल्या. ओलं झालं होतं ते आठ-दहा ताव, छापखान्यातून नवे मागवता आले असते. पण त्यांनी पिल्लाचं बसणं बघितलं होतं. धरवलं नाही म्हणून सांडलेलं ते नव्हतं. कागदावर बसलं की शाबासकी मिळते, हे त्याला कुणीतरी शिकवलेलं होतं, आणि चांगलं शिकवलेलं होतं. घरात माणसं दोनच. ताईंनी दादांकडे बघितलं. दादा मशीनच्या पात्याकडे बघत होते.

ताईंनी ओले ताव उचलून बाजूला ठेवले, फळी पुसली, हात धुतले. मग खुंटीवरची कापडी पिशवी काढली. तिच्यात पिल्लाची ताटली घातली, झोपायचं फडकं घातलं, चावून चावून भुगा झालेला पुठ्ठ्याचा तुकडा घातला. शेवटी त्याला उचललं. त्याला वाटलं अंगणात जायचंय, म्हणून त्याने त्यांची हनुवटी चाटली. ताईंचा जीव गलबलून गेला. तरी त्या चपला घालून दारापर्यंत गेल्या. दादांची अट त्यांनी मान्य केली होती. दया माग म्हणून त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि या वयात त्या शिकणारही नव्हत्या.

"थांब," दादा म्हणाले.

ताई थांबल्या, वळल्या नाहीत.

"मी शिकवलं. गुरुवारी गुरुवारी. कोपऱ्यात कात्रण पसरायचो, ताव कापून उरतं ते. त्याच्यावर करून घ्यायचो, मग गुंडाळून कचऱ्यात. तू यायच्या आत."

"अंगण कुठे पळालं होतं?"

दादांनी मशीनचा दांडा उगीच पुसला. "गुडघा उतरू देत नाही. चढायला कसंबसं जमतं. त्या तीन पायऱ्या उतरताना डावा पाय धरतच नाही. दोनदा पडता पडता वाचलो."

"आणि हे मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू मला मशीनसमोर उभं राहू दिलं नसतंस. घरी बसवलं असतंस."

ताई एवढ्या चिडल्या की पिल्लाला पिशवीत ठेवायचं त्यांच्या ध्यानातून गेलं. कागदावरून नव्हत्या चिडल्या. रोज आठ तास आपल्यापासून सहा हातांवर उभ्या असलेल्या माणसाचा गुडघा त्यांना दिसला नव्हता, आणि आपल्या नजरेतून एक टाकासुद्धा सुटत नाही असं त्या जगाला सांगत फिरत होत्या. त्यांनी दादांना खूप सुनावलं. ते सगळं इथे देत नाही. सुनावता सुनावता त्यांची नजर टेबलावर गेली आणि त्या मधेच थांबल्या. टेबलावर शिवून झालेल्या शब्दकोशाच्या पाच प्रती होत्या. एकेकीत नेहमीच्या तिप्पट फर्मे. म्हणजे पाच पुस्तकांना जवळजवळ दोन तास गेले होते. आठ होईपर्यंत तीन झाले असते. पिल्लाने दोनदा सांगितलं होतं, आणि ताई पुस्तकं मोजत बसल्या होत्या.

"माझंही चुकलं," त्या हळूच म्हणाल्या. हे दादांनी ऐकलं, पण आपण ऐकलं असं त्यांनी दाखवलं नाही. तेवढी समज त्यांना होती.

"मग त्याला परत कशाला धाडतेस? त्याची काय चूक?" दादा म्हणाले.

"तू बोलला होतास. तुझा शब्द मी मोडायला लावणार नाही."

"बरं. मग शब्दकोश संपेपर्यंत मुदत. चार गुरुवार आहेत. फर्मे खालच्या फळीवरच राहतील, तिथून हलवायचे नाहीत. पुन्हा एकदा जरी भिजले तरी मग काही बोलायचं नाही. तूही नाही, मीही नाही."

"आणि गुरुवारी कोण सांभाळणार?"

"मीच. बिघडवला मी, तर सुधारायला नको?"

आता शिकवलेलं पुसायचं होतं, आणि ते नव्याने शिकवण्यापेक्षा कठीण. ताईंनी तो कात्रणाचा कोपरा व्हिनेगरच्या पाण्याने इतका घासला की फरशीचा मूळ रंग दादांनी वीस वर्षांनी बघितला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की कुत्रा जिथे जेवतो तिथे घाण करत नाही, म्हणून पुठ्ठ्याची ताटली थेट खालच्या फळीशेजारी आली. तो शब्दकोशाला टेकून जेवू लागला. ताईंनी दर तीन पुस्तकांनंतर उठायला सुरुवात केली, आणि भरवसा नको म्हणून आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर एक घड्याळ आणून ठेवलं. मशीनसमोर उंच स्टूल आलं. दादा पहिल्या दिवशी त्यावर बसले नाहीत, दुसऱ्या दिवशी टेकले, तिसऱ्या दिवशी ते कुणी हलवलं म्हणून ओरडले. मग ताईंनी वेल्डरला बोलावून मागच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून घेतला.

"हा कशाला? मी काय म्हातारा झालो?" दादा उसळले.

"तुझ्यासाठी नाही. कुत्र्यासाठी."

"कुत्रा कठडा धरतो?"

"शिकवीन," ताई म्हणाल्या.

पहिला गुरुवार कोरडा गेला. दुसरा गेला. तिसऱ्या गुरुवारी दादांचा चेहरा ओढलेला होता, पण फर्मे कोरडे होते. चौथ्या गुरुवारी छापखान्यातली वीज गेली आणि ताई तासाभरातच परतल्या. पुढचं दार आतून लावलेलं होतं. त्यांनी हाक मारली, कडी वाजवली, पुन्हा हाक मारली. आतून काही आवाज नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तीन पायऱ्या आल्या आणि डावा पाय आला. गल्लीला वळसा घालून त्या जवळजवळ धावतच अंगणाच्या मागच्या फाटकाशी पोचल्या आणि फळ्यांच्या फटीतून त्यांनी आत बघितलं.

दादा मधल्या पायरीवर होते. दोन्ही हातांनी कठडा धरून, अंग आडवं करून, डावा पाय खाली सोडत होते. एक पायरी खाली पुठ्ठ्या उभा होता. त्याला जोराची लागली होती हे ताईंना इतक्या लांबूनही कळत होतं, मागचे पाय थरथरत होते. माती चार पावलांवर होती.

"जा रे तू पुढे," दादा धापा टाकत म्हणाले. "माझ्यासाठी नको थांबू."

पुठ्ठ्या गेला नाही. दादांचा पाय टेकला तसा तो एक पायरी उतरला आणि मान वळवून पुन्हा वर बघत राहिला. हे त्याला ताईंनी शिकवलं नव्हतं. दादांनीही शिकवलं नसणार, दादांना स्वतःलाच अजून पायऱ्या शिकायच्या होत्या. दादांचे दोन्ही पाय अंगणात टेकले तेव्हा कुठे तो सुसाट मातीकडे पळाला, आणि मग बराच वेळ तिथून हललाच नाही.

"शाब्बास," दादा म्हणाले. संपता संपता, अगदी वेळेवर. मग कठड्याला टेकून त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही अशी खात्री करून घेतली आणि कुत्र्याला म्हणाले, "परत-बिरत काही जायचं नाही तुला. भिजू देत फर्मे. मी बोललो होतो ते माझं मी बघून घेईन."

ताई फाटकाला धरून उभ्या राहिल्या. फिका चहा दहा वर्षं पिणारा हा माणूस आपला शब्द मोडायला निघाला होता, तोही मुदत संपायच्या आदल्या तासाला. त्या पावलांचा आवाज न करता परत फिरल्या, पुढच्या दाराशी गेल्या, पुरेसा वेळ जाऊ दिला आणि मग जोरजोरात कडी वाजवली.

"आलीस?" दादांनी दार उघडलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "आज शेवटचा गुरुवार. तपासून घे."

ताईंनी चप्पल काढली, हात पुसले आणि खालच्या फळीसमोर बसून उरलेले फर्मे एकेक करून उचलून बघितले. एकही गाळला नाही. पुठ्ठ्या ताटलीशेजारी बसून ते सगळं फार गंभीरपणे बघत होता.

"कोरडे आहेत," ताई म्हणाल्या.

"मग राहू दे त्याला." दादा स्टुलावर बसले. "पण एक लक्षात ठेव, कोरडे राहिले ते माझ्यामुळे."

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तुझ्यामुळेच," त्या म्हणाल्या. चौतीस वर्षांत चांगल्या कामाचं श्रेय त्यांनी दुसऱ्या कुणाला पहिल्यांदाच दिलं, आणि देताना त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला.